दोघांना सहा

एका वाडीत लहानशी शाळा होती. त्या वर्षी तिसरीला नवे गुरुजी आले. तरुण होते, कष्टाळू होते. वर्गातलं एकही मूल मागे राहू नये, असं त्यांना मनापासून वाटे.

दिवाळीनंतर त्यांनी वजाबाकीची चाचणी घेतली. फळ्यावर १२ गणितं लिहिली, सहा डावीकडे, सहा उजवीकडे. निम्मी बिनहातच्याची, निम्मी हातच्याची, आणि सगळी मिसळून. मुलांनी ती कागदावर उतरवून सोडवली. संध्याकाळी गुरुजींनी उत्तरं ताडून पाहिली आणि गुण मांडले. सात किंवा जास्त मिळाले ते पक्के, कमी मिळाले ते कच्चे. दुसऱ्या दिवशी पक्के पुढे बसले, कच्चे मागे.

किसनला सहा मिळाले होते. सुमीलाही सहा. दोघं मागच्या ओळीत शेजारी शेजारी बसू लागली.

मागच्या ओळीसाठी गुरुजी रोज शाळा सुटल्यावर थांबत. रोज २० वजाबाक्या घालत. किसन मान खाली घालून त्या सोडवायचा, कधी कंटाळा केला नाही. सुमी मात्र हळूहळू गप्प झाली. पूर्वी तिचा हात सारखा वर असायचा, तो आता वर जाईना.

महिन्याने पुन्हा तशीच चाचणी झाली. किसनला पुन्हा सहाच मिळाले. सुमीला चार.

गुरुजी खचले. कागद घेऊन ते मोठ्या बाईंकडे गेले. म्हणाले, “बाई, मी कुठे कमी पडतोय? एवढा सराव घेतला, तरी ही दोघं पुढे सरकली नाहीत.”

बाईंनी गुण पाहिलेच नाहीत. त्या म्हणाल्या, “गुरुजी, पहिल्या चाचणीचे कागद आहेत का? सगळ्या वर्गाचे आणा.”

मग त्यांनी मोठा कागद पसरला आणि पट्टीने रेघा मारल्या. डावीकडे एकाखाली एक मुलांची नावं लिहिली, जास्त गुणांची वर, कमी गुणांची खाली. वरच्या बाजूला गणितं मांडली, आधी सोपी, मग अवघड. बरोबर उत्तराला टिंब, चुकलेल्याला फुली. तासाभरात कागद भरला.

बहुतेक मुलांच्या ओळीत सुरुवातीला टिंबं होती आणि फुल्या शेवटाकडे होत्या. बाईंचं बोट किसनच्या नावावर थांबलं. सहा टिंबं, मग सलग सहा फुल्या. बिनहातच्याची सगळी बरोबर, हातच्याची सगळी चूक. त्यांनी त्याचा कागद काढला. ५२ − २७ = ३५. ६३ − २८ = ४५. ७१ − ४६ = ३५.

“एखादं चुकलं असतं, तर घाईत चुकलं म्हटलं असतं,” बाई म्हणाल्या. “सहाच्या सहा एकाच तऱ्हेने चुकलीत. या पोराने काहीतरी नियम धरलाय.”

सुमीची ओळ निराळी होती. टिंब, फुली, फुली, टिंब. काही सोप्या गणितांना फुल्या आणि काही अवघड गणितांना टिंबं. बाई बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “यातली कोणती गणितं फळ्याच्या कोणत्या बाजूला होती, आठवतंय?”

गुरुजींनी वही काढली. सुमीच्या सहाही फुल्या उजव्या बाजूच्या गणितांवर होत्या. फळ्याचा तो भाग घासून पांढरट झाला होता. बाईंनी सुमीचा कागद उघडला. फळ्यावर ७९ − २४ होतं. सुमीने ७१ − २४ उतरवलं होतं आणि उत्तर लिहिलं होतं ४७. तिच्या गणिताचं ते उत्तर अगदी बरोबर होतं, आणि तेही हातचा घेऊन!

“कोष्टकाने आपल्याला संशय दाखवला,” बाई म्हणाल्या. “खात्री मुलांनाच विचारून करायची.”

सकाळी त्यांनी किसनला जवळ घेतलं. “बाळा, ५२ मधून २७ कसे काढलेस?” किसन म्हणाला, “नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं असं शिकवलंय ना! सात मोठे, दोन लहान. सातातून दोन गेले पाच.” शिकवलेलं तो इमानाने पाळत होता. रोजच्या २० वजाबाक्यांनी त्याचा तो नियम आणखी घट्ट झाला होता.

बाईंनी काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या. “यातल्या २७ मला दे.” किसनने दोन गठ्ठे दिले. मग दोन सुट्या काड्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, एक गठ्ठा सोडू?”

कोष्टकात किसनसारख्याच ओळी असलेली आणखी चार मुलं सापडली. तीही काड्या घेऊन बसली. सुमीला पहिल्या बाकावर बसवलं. तिच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तिला चष्मा लागला.

बाईंनी मांडलं तसं कोष्टक जपानमध्ये ताकाहिरो सातो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांसाठी तयार केलं होतं. किसनचा नियमही जगाला ठाऊक आहे. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तो आहे. पुढे इलिनॉय विद्यापीठात किकुमी तात्सुओका यांनी चुकांच्या ठेवणीवरून मुलांचे गट ओळखण्याची संख्याशास्त्रीय रीत बसवली. हातून सहज घडलेली चूक आणि मनात बसलेली चूक ही रीत वेगळी धरते. गुणांची बेरीज केली, की फुली कुठे पडली होती हे पुसलं जातं. मग काड्यांची गरज असलेलं मूल आणि चष्म्याची गरज असलेलं मूल एकाच ओळीत बसतं आणि दोघांना एकच औषध मिळतं.

तुमच्या घरी मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका येईल, तेव्हा वरचा आकडा थोडा वेळ झाकून ठेवा. फुल्या कुठे पडल्या आहेत ते पाहा, आणि मुलाला विचारा, “हे कसं काढलंस, मला सांगशील?”