कूलर आणि उघडे दार

होळी झाली की आपल्या वर्धा जिल्ह्यात घराघरांत एक काम निघते. प्लास्टिकने झाकून ठेवलेला कूलर बाहेर येतो. टाकीतला गाळ खरवडायचा, जुन्या ताट्या काढून नवे वुडवूल किंवा वाळा भरायचा, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहायचे, पंख्याला तेल द्यायचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपा अंगाची लाही लाही करतो. अशा दिवसांत ही तयारी म्हणजे चैन नव्हे. म्हातारी माणसे, तान्ही बाळे आणि आजारी माणसे यांच्यासाठी तो जगण्यामरणाचा प्रश्न असतो. म्हणून गारव्याची इच्छा धरणे चूक आहे काय, असे आम्ही विचारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या घरातला गारवा कोणाच्या वाट्याला येतो आणि त्याची किंमत कोण मोजतो?

हा प्रश्न आमच्या मनात प्रथम एका मिस्त्रीमुळे आला. कूलर धुतलेला, ताट्या नव्या, टाकी भरलेली. तरी खोलीत नुसती चिकचिक. आम्ही तक्रार केली. मिस्त्रीने कूलरला हातही लावला नाही. त्याने समोरचे दार तेवढे उघडले. थोड्या वेळाने खोली गार झाली. कारण अगदी साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. आपला घामही याच नियमाने अंग थंड ठेवतो. मात्र त्यासाठी हवा कोरडी हवी. दारे-खिडक्या गच्च लावल्या की आतली ओली हवा बाहेर जात नाही, बाहेरची कोरडी हवा पुरेशी आत येत नाही आणि कूलर नावापुरता फिरत राहतो. गारवा फक्त आपल्यापाशी कोंडून ठेवायला गेलो, तर तो आपल्यालाही मिळत नाही!

दुसरा धडा आम्हांला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी दिला. चार उन्हाळे त्या रोज भर दुपारी बादलीने कूलरची टाकी भरत होत्या. एके दिवशी टाकीपाशीच त्यांना भोवळ आली. आम्ही त्यांना आत आणले, ओले फडके डोक्यावर ठेवले, मीठ-साखरेचे पाणी दिले आणि कूलरसमोर बसवले. जरा हुशारी आल्यावर त्या हसून म्हणाल्या, "इतके दिवस याच्यात पाणीच टाकत होती मी, याची हवा आज समजली." त्यांनी ते सहज म्हटले. आमची मान मात्र खाली गेली. त्यांचे घर टिनाचे आहे हे आम्हांला ठाऊक होते. त्या टिनाखाली त्यांना रात्री झोप लागते का, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

इंग्रज अमदानीत साहेबांच्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत. त्यांवर पाणी मारायला एक नोकर असे आणि छताचा झुलता पंखा दोरीने ओढायला दुसरा. आत गारवा, बाहेर घाम. त्या पद्धतीला आज आपण नावे ठेवतो. पंप आणि मोटर आल्यामुळे ते दोघे नोकर गेले हे खरे. पण टाकीत पाणी ओतणारे हात आहेतच. आणि ते पाणी तरी कोठून येते? आपल्याच आर्वी तालुक्यातील काकडदरा गावाने श्रमदानाने पाणी अडवून २०१७ साली वॉटर कपचे पहिले पारितोषिक मिळवले. पाण्याच्या एकेका थेंबासाठी आपल्याच जिल्ह्यात माणसे उन्हात कुदळ-फावडे चालवतात, हे टाकी ओसंडून वाहत असताना आपल्याला आठवायला हवे.

आता बऱ्याच घरांत एसी आले आहेत. एसीला दार बंद लागते आणि खोलीतली उष्णता तो बाहेर फेकतो. दाट वस्तीत ती शेजाऱ्याच्या खिडकीपाशी जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हानिकारक सवयींचे उदाहरण म्हणून एसीच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला. त्या पत्रावर २४ मे २०१५ ही तारीख आहे. त्याच सुमारास आपल्या देशात उष्णतेच्या लाटेने दोन हजारांहून अधिक माणसे दगावत होती. त्यांना गारव्याचीच गरज होती. तेव्हा घरात रुग्ण आहे म्हणून कोणी एसी लावला, तर त्याला बोल लावू नये. पण गरज कोठे संपते आणि केवळ सवय कोठे सुरू होते, हे ज्याने त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, गांधीजी शेगावला आले. तेच आजचे सेवाग्राम. तेथील घर जवळपास मिळणाऱ्या वस्तूंनीच बांधावे आणि खर्च शंभर रुपयांपलीकडे जाऊ नये, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती आणि वर कवेलू. गावातल्या माणसाला जे जमेल तेच आपल्यालाही चालावे, हा त्यामागचा विचार. आपल्याला सर्वांना तसे राहता येणार नाही. पण आपल्या सोयीचे माप शेजाऱ्याकडे पाहून घ्यावे, एवढे तरी शिकता येईल.

म्हणून यंदा कूलरची तयारी करताना शेजाऱ्याचाही विचार करू या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासून काढाव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. आपल्या टाकीतला डास शेजारच्या बाळालाही चावतो. लोखंडी कूलरला अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. पाणी भरण्याआधी प्लग काढावाच. विजेचा धक्का बसतो तो बहुधा पाणी भरणाऱ्या हाताला.

आमच्या घरी आता टाकी आम्हीच सकाळी भरतो. मावशी ऊन चढण्याआधी काम आटोपून जातात. गेल्या वर्षी त्यांच्या टिनावर आम्ही मिळून पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. चुना ऊन परतवतो, त्यामुळे टिन कमी तापते. त्याने त्यांचे घर महाबळेश्वर झाले नाही. पण दुपारी आत बसवते, असे त्या सांगतात.

आपल्या गल्लीत टिनाखाली एकटे राहणारे कोणी वृद्ध आहेत काय? या रविवारी मिस्सानंतर घरी जाताना त्यांच्या दारावरून जाऊ या. नवतप्यातल्या दुपारी त्यांना आपल्या घरी येऊन बसण्याचे आमंत्रण आजच देऊ या. कूलरसाठी दार उघडे ठेवायचेच आहे, तर त्यातून कोणी आत येऊ द्यायला काय हरकत आहे?