विचारायचं काय त्यात

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरातली ही गोष्ट. दोघे भाऊ एकत्र राहायचे. थोरल्याला सगळे दादा म्हणत. त्याचा रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला, गोळ्या कधी घेतलेल्या, कधी चुकवलेल्या. त्यातच दोन्ही किडन्या गेल्या. मग आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस, दर वेळी चार तास. पाणी मोजून प्यायचं. एप्रिलच्या खरड छाटणीला उन्हात उभा राहणारा माणूस, त्याला दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी.

पहिल्याच वर्षी दादानं पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव घातलं होतं. घरातल्या कुणाची किडनी नको, हे त्याचं ठरलेलं. "घरच्याची घेतली की त्याचं तोंड रोज बघायचं. गेलेल्या माणसाची घेतली तर कुणाचं देणं लागत नाही." दोन वर्षं गेली, नंबर लागला नाही. एका रात्री फुप्फुसात पाणी भरलं, श्वास घेता येईना. वाचला. डॉक्टरांनी मात्र धाकट्या भावाला, आबाला, बाजूला घेऊन सांगितलं, घरात कोण देऊ शकेल ते बघा.

त्या संध्याकाळी सोप्यात सगळे बसले. आई म्हणाली, माझी काढा. ती सत्तरीची, रक्तदाबाची, तिची घेणार नव्हतेच. आबा ताडकन उठला, "दादासाठी जीव देईन, किडनीचं काय घेऊन बसलात!" जयसिंगपूरच्या बहिणीचा फोन आला. ती नुसती रडली, मग तिच्या सासऱ्यांनी फोन घेऊन तिची लेकरं किती लहान आहेत ते सांगितलं. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाचं नाव निघालं तेव्हा दादाच ओरडला, पोराला हात लावायचा नाही.

दादाची बायको, घरातली वहिनी, आत भाकरी थापत होती. तिला कुणी हाक मारली नाही. जेवायला वाढताना आई एवढंच म्हणाली, "शेवटी बायकोचीच कामाला येते." वहिनीनं मान हलवली, आणि विषय संपला.

या घरात वाईट कुणी नव्हतं, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. सुनेला जाच नव्हता, नवरा हात उगारणारा नव्हता. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त. हे अशाच साध्या, चांगल्या घरांतून घडत जातं. कुणी बळजबरी करत नाही आणि कुणी विचारतही नाही.

रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयक मॅडमनी आबा आणि वहिनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी आबा आत गेला. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "इथलं बोलणं या खोलीच्या बाहेर जात नाही. द्यायची नसेल तर तेही इथेच सांगायचं."

आबा बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. "मॅडम, मला नाही जमणार. ऑपरेशन म्हटलं की हातपाय गार पडतात. बायको सारखी रडतेय. पण हे बाहेर कळलं तर मी गावात तोंड दाखवू शकणार नाही."

त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. दोन दिवसांनी डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, 'धाकटे भाऊ दाता म्हणून योग्य नाहीत.' आईनं का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, दात्याची माहिती आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. यात लपवाछपवी आहे असं काहींना वाटेल. मला वाटत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला डॉक्टरांनी कसलं प्रमाणपत्र द्यायचं?

मग वहिनी. तिचा रक्तगट जुळत होता, तपासण्या चांगल्या होत्या. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं का, देणार का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? नवरा आहे माझा."

"तरी पण. 2014 च्या नियमांत लिहिलंय, दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची. तिची स्वतःची संमती आहे का, हे ज्याला किडनी मिळणार त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळायचं. म्हणून विचारते. तुम्हाला भीती कशाची वाटते?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. आणि ती बोलत सुटली. मुलगी दहावीला आहे. गोठा कोण बघणार? मला काही झालं तर यांना कोण बघणार? पुढे माझीच उरलेली बिघडली तर? मॅडमनी एकेक उत्तर दिलं. ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होतं, काही दिवसांत घरी सोडतात, पण काही आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची घागरसुद्धा नाही. उरलेली किडनी हळूहळू जास्त काम करायला लागते, मात्र रक्तदाब आणि लघवीची तपासणी दरवर्षी, जन्मभर. जीव जाण्याचा धोका दहा हजार दात्यांत तिघांच्या आसपास, फार थोडा, पण शून्य नाही. जिवंत माणसाची किडनी बहुतेक वेळा लगेच काम करू लागते आणि सरासरीनं जास्त वर्षं टिकते. मृत दात्याची कधी कधी काही दिवस सुस्त असते, तोवर डायलिसिस चालू ठेवावं लागतं.

"आता घरी जा," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही. नाही म्हणालात तर घरच्यांना आम्ही एवढंच सांगू, की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही."

वहिनी घरी आली आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डायलिसिसहून परतताना एसटीत तिनं दादाला विचारलं, "अहो, माझ्या किडन्या गेल्या असत्या तर तुम्ही दिली असती?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला. हो म्हणणं सोपं होतं, आणि बायकोनं ते मानूनही घेतलं असतं. कवठेएकंद मागे गेलं, तेव्हा तो म्हणाला, "मला विचार करावा लागला असता."

"मग मलाही करू द्या."

दादाला राग आला का? आला. आईला त्याहून जास्त. पुढचे काही आठवडे घरात भांडी जरा जोरात आपटत होती. शेजारणींनी वहिनीला सावित्रीची आठवण करून दिली. तिनं काही उत्तर दिलं नाही.

आणि मग एका रात्री पुण्याहून फोन आला. एक मृत दाता आहे, लगेच निघा, तुम्ही राखीव आहात. आबानं गाडी काढली. पहाटे पोचले, रक्त दिलं, बसून राहिले. दुपारी कळलं, यादीत पुढे असलेल्या माणसाचं जुळलं, किडनी त्याला गेली. दादा हिरमुसला नाही असं नाही. निघण्याआधी त्यानं तिथल्या समन्वयकाला विचारलं, "कुणाची होती ती?"

"नाव सांगता येत नाही, काका."

"गेलेलाच माणूस ना. त्याला काय कळणार, कोण मागतंय ते."

तो तरुण मुलगा खुर्ची ओढून समोर बसला. "त्याला नाही कळत. पण त्याच्या घरच्यांना मीच विचारतो. मेंदू मृत झालाय का, हे डॉक्टर दोनदा तपासतात, मध्ये निदान सहा तास जाऊ देतात. आत यंत्रावर छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं. आणि मी त्या बापासमोर जाऊन उभा राहतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर हात जोडून परत येतो. त्यांचा हक्कच आहे तो."

कात्रजचा घाट उतरेपर्यंत दादा बोलला नाही. ज्याचं देणं लागणार नाही अशी किडनी तो दोन वर्षं शोधत होता. आणि त्या मार्गावरही कुणीतरी अनोळखी बाप दवाखान्याच्या बाकावर बसलेला होता, त्यालाही विचारावं लागत होतं. शिवाय एक परका मुलगा त्या बापाला विचारायचं धाडस करत होता. दादाला स्वतःला मात्र घरच्या माणसाला विचारता आलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं वहिनीला चुलीपुढून उठवून सोप्यात आणलं, आईसमोर, आबासमोर बसवलं. "तुझी किडनी मला हवी आहे. देशील का? नाही म्हणालीस तर यादीत नाव आहेच, डायलिसिस आहे. कुणी तुला एक शब्द बोलणार नाही. आई, तूही नाही."

वहिनीनं त्याच रात्री उत्तर दिलं नाही. दिलं तेव्हा हो दिलं, अटींसह. गोठा आणि घागर तीन महिने दुसऱ्यानं बघायची. मुलीची परीक्षा झाल्यावरच तारीख घ्यायची. आणि तिची तपासणी दरवर्षी दादानं स्वतः करून आणायची. मंजुरीसाठीच्या मुलाखतीत तिला विचारलं, कुणाचा दबाव? ती म्हणाली, "विचारलं यांनी. ठरवलं मी."

ऑपरेशन पार पडलं. टेबलावरच लघवी सुरू झाली, म्हणून डॉक्टर खूश. गोठा आबानं आणि त्याच्या बायकोनं सांभाळला. एके दिवशी धार काढून आल्यावर आबा दादा-वहिनींसमोर उभा राहिला. "मी अयोग्य नव्हतो. मी नाही म्हणालो होतो." दादा म्हणाला, "माहीत होतं मला." वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नाही म्हणालात आणि कुणी तुम्हाला खाल्लं नाही. ते बघून मला धीर आला."

पुढे घरात मरणोत्तर दानाचे अर्ज आले. नुसता अर्ज भरून भागत नाही, शेवटी घरच्यांना पुन्हा विचारतातच. म्हणून सगळ्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं ठरलं. आबानं पहिली सही केली आणि बायकोकडे वळून म्हणाला, तेव्हा तू अडवायचं नाहीस. तिनं होकार दिला. मग वहिनीनं कागद सासूपुढे धरला, "आई, तुमचं काय?"

म्हातारीनं कागद उलटसुलट केला. "दोन दिवस थांबा," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

वहिनीनं कागद घडी करून तिच्यापाशीच ठेवला आणि ताटं वाढायला घेतली.