डोक्यावर किती ओझे?

‘स्लॅब जाडच टाका, पैशाकडे बघू नका.’ घर बांधणाऱ्याच्या तोंडून ठेकेदाराला हे हमखास ऐकायला मिळते. बोलण्यामागे मुलाबाळांची काळजी असते. पण जड ते मजबूत, ही त्यामागची श्रद्धा तपासायलाच हवी, कारण बहुमजली घरात एकाच्या पायाखालचे वजन दुसऱ्याच्या डोक्यावर असते. कुणाच्या डोक्यावर किती भार ठेवायचा, हा इंजिनिअरच्या आधी धर्माचा प्रश्न आहे.

साधा हिशेब पाहावा. राहत्या खोलीत माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार भारतीय मानकात धरला जातो. पाच इंची काँक्रीट स्लॅबचे स्वतःचेच वजन ३०० किलोंच्या वर जाते. कोबा, फरशी आणि गिलावा धरला की ४००च्या आसपास. म्हणजे मजल्याला माणसांपेक्षा स्वतःचेच वजन जास्त पेलावे लागते. भूकंपात तर हे वजनच शत्रू होते, कारण जितके वस्तुमान जास्त तितका इमारतीला बसणारा आडवा हिसका मोठा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीने हे भोगले. तिथली घरे माळवदाची. दोन-तीन फूट जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे बांधकाम. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर आणखी माती पडायची. काही घरांवर थर दोन फुटांपर्यंत गेला होता. फूटभर मातीचेच वजन चौरस मीटरला ५०० किलोंच्या घरात जाते. भिंती ढासळल्या, माती खाली आली आणि झोपेतली हजारो माणसे गेली. अनेक घरांत मात्र लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. त्या गावकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. भूकंपाच्या नकाशावर तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता.

लॉरी बेकर या प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने आले. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले हे क्वेकर पंथाचे वास्तुविशारद मुंबईत गांधीजींना भेटले आणि पुढे केरळात स्थायिक झाले. त्यांनी रुळवलेल्या फिलर स्लॅबमागचा विचार सरळ आहे. दोन आधारांच्या मधोमध स्लॅब खालच्या अंगाला ताणला जातो. काँक्रीट ताण सोसत नाही, तो सळई सोसते. तिथले बरेचसे काँक्रीट फक्त जागा भरते. मग सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौले ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचे. सिमेंट वाचते, वजन घटते. अहिंसा आणि अपरिग्रह ही दोन्ही गांधीजींच्या एकादश व्रतांतली. या छतात ती एकत्र आलेली दिसतात. गरजेपेक्षा जास्त न घेणे म्हणजेच इथे खालच्याला कमी दडपणे.

अर्थात अपरिग्रहालाही जाण लागते. सलग स्लॅबमध्ये बीमजवळ ताण वरच्या अंगाला जातो आणि खालचे काँक्रीट दाबले जाते. तिथे ते कामाचे असते. म्हणून त्या पट्ट्यात कौले घालायची नसतात, स्लॅब भरीवच ठेवायचा असतो. काटकसरीच्या नावाखाली सळई चोरणारा तर अपरिग्रहाच्या जवळपासही नाही. त्याची बचत म्हणजे खालच्याच्या जिवाचा व्यापार.

शहरात हा प्रश्न घर बांधून झाल्यावरही संपत नाही. पुण्या-मुंबईत फ्लॅटचे नूतनीकरण निघाले की धूळ आणि खर्च टाळायला जुन्या फरशीवरच नवी बसवतात. मसाल्यासकट दोन इंचांचा थर धरला तर चौरस मीटरला शंभरावर किलो वाढतात, म्हणजे माणसा-सामानासाठी धरलेल्या भाराच्या निम्म्याहून अधिक. माळवदावर दरवर्षी पडणाऱ्या मातीसारखेच हे वजन चांगल्या हेतूने, न मोजता चढते. ते पेलणारे बीम खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर असतात, पण फरशी निवडताना त्या घराला कुणी विचारत नाही. सोसायटीने परवानगी देताना मलबा कुठे टाकणार हे जसे विचारावे, तसे वजन किती वाढणार हेही विचारावे आणि इंजिनिअरची सही घ्यावी. जुनी फरशी उखडायला आठवडा जास्त लागेल, तेवढा द्यावा.