पाच रुपयांचा डाव

दिवाळीला पुण्या-मुंबईची पोरे पूर्णा जंक्शनवर उतरतात, घर भरते अन् रात्री तीनपत्तीचा डाव पडतो. आम्ही हटकले, तर म्हणतात, "महाराज, पाच-पाच रुपयांचा तर खेळ! यात कसले पाप?"

शंका रास्त आहे. पाडव्याला द्यूतप्रतिपदा हे नावही आहेच. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यातल्या जुगाऱ्याला आईबाप आणि भाऊही ओळख देत नाहीत. सभापर्वात धर्मराजाने आधी रत्ने लावली, मग भाऊ, मग स्वतःला, शेवटी द्रौपदी.

पाच रुपयांनी कोणी भिकेला लागत नाही, हे कबूल. पण सज्जनहो, पाने उघडताना मनात काय येते? भावाची पाने हलकी निघोत, हेच ना? बुद्धिबळातही हारजीत आहे. पण तेथे हरणाऱ्याच्या खिशातले आपल्या खिशात येत नाही. गोव्याच्या कॅसिनोत समोर परका बसतो. येथे पाठीला पाठ लावून आलेला, वर्षातून चार दिवस भेटणारा! त्याचे वाईट चिंतायला पाच रुपये पुरतात, म्हणजे डाव लहान कसा?

पत्ते खुशाल खेळा, पैसे तेवढे उचला. मग खेळ अळणी लागला, तर गोडी कशात होती ते ज्याचे त्याने ओळखावे.