दुरुस्तीचा अधिकार

आपल्या हातून झालेली चूक सुधारण्याचा अधिकार लेखकाला असतो, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. कवी दुसऱ्या आवृत्तीत ओळ बदलतो, कादंबरीकार एखादे प्रकरण गाळतो. समीक्षक पाठभेदांची चर्चा करतात आणि पहिली आवृत्ती ग्रंथालयाच्या फडताळात जशीच्या तशी राहते. नव्या पाठामुळे जुना पाठ नष्ट होत नाही, म्हणूनच लेखकाचा हा अधिकार निरुपद्रवी ठरतो. परंतु लेखकाने घडविलेली वस्तू ही संहिता नसून संहिता वाचण्याचा नियम असेल, तर? नियम बदलताच त्यावर विसंबून इतरांनी लिहिलेल्या असंख्य संहितांचा पाठ, त्यांतल्या एकाही अक्षराला हात न लावता, बदलून जातो. अशा वेळी नियमकर्त्याला आपली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार उरतो का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. संगणकावर साध्या मजकुरात मोजक्या खुणा पेरून लिहिण्याच्या ज्या पद्धती गेल्या काही दशकांत रूढ झाल्या, त्यांच्या इतिहासात तो पुनःपुन्हा उभा राहिला आहे. अशा पद्धतीला आपण येथे ‘खूणभाषा’ म्हणू, आणि त्या खुणा वाचून मजकुराचे मांडणीबद्ध पान तयार करणाऱ्या आज्ञावलीला ‘प्रक्रियक’. आज सर्वांत परिचित असलेली खूणभाषा म्हणजे जॉन ग्रुबर यांनी एरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने सिद्ध करून २००४ साली प्रसृत केलेली ‘मार्कडाउन’. शब्दाच्या दोन्ही अंगांना तारकाचिन्ह दिले की तो शब्द तिरप्या ठशात येतो. ओळीच्या आरंभी आकडा आणि टिंब दिले की क्रमवार यादी होते. प्रक्रियेपूर्वीचा कच्चा मजकूरही माणसाला विनासायास वाचता आला पाहिजे, हे तिचे अधिष्ठान. ई-मेल लिहिताना लोक आधीपासून वापरत असलेल्या संकेतांनाच तिने नियमाचे रूप दिले.

खूण ही संहितेबाहेरची, केवळ मुद्रणाच्या सोयीची गोष्ट आहे, असा आक्षेप येथे साहित्याचा अभ्यासक घेऊ शकेल. परंतु हा आक्षेप टिकणारा नाही. १९८७ साली जेम्स कूम्ब्स, ॲलन रेनीअर आणि स्टीव्हन डिरोझ यांनी विद्वत्संहितांच्या संगणकीय लेखनाविषयी लिहिताना विरामचिन्हे आणि शब्दांमधली मोकळी जागा यांनाही खुणांच्याच वर्गात बसविले होते. मोडी लेखनात शब्द तोडण्याची प्रथा नव्हती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यामागचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मोकळी जागा हाही एक निर्णय असतो, आणि प्रत्येक निर्णय म्हणजे एक अन्वयार्थ. तेव्हा खुणा वाचण्याचा नियम बदलणे म्हणजे मुद्रकाची सोय पाहणे नव्हे; तो दुसऱ्याच्या संहितेच्या अन्वयार्थातील हस्तक्षेप होय.

या हस्तक्षेपाबाबत निर्मात्यांनी घेतलेल्या भूमिका तपासल्या तर त्यांत एक नैतिक क्रम दिसतो. पहिले उदाहरण खूणभाषेच्या शेजारचे आहे. १९७६ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही आज्ञावली लिहिली. अनेक तुकड्यांमधून एखादी मोठी आज्ञावली कोणत्या क्रमाने बांधायची, हे तिला एका छोट्या लेखनपद्धतीत सांगावे लागते. त्या पद्धतीत कृतीची ओळ टॅबच्या कोऱ्या जागेनेच सुरू करावी लागते. तितक्याच रुंदीच्या साध्या मोकळ्या जागा तेथे चालत नाहीत. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तो जाचक आहे. फेल्डमन यांना ही गैरसोय लवकरच उमगली. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक त्यांचे स्नेहीच, ती आज्ञावली वापरू लागले होते. त्यांचे लिखाण बिघडवायचे नाही म्हणून नियम तसाच राहिला, आणि पुढे जगभरच्या आज्ञावलीकारांच्या कित्येक पिढ्यांनी त्या अदृश्य टॅबला ठेच खाल्ली.

या प्रसंगाचा सोयीस्कर निष्कर्ष असा की, फेल्डमन चुकले; बारा जणांच्या सोयीसाठी त्यांनी लक्षावधींना वेठीस धरले. उपयुक्ततावादी हिशेब हेच सांगेल. परंतु हा हिशेब एकदा मान्य केला की त्याला थांबा उरत नाही. भविष्यातले वाचक भूतकाळातल्या लेखकांपेक्षा नेहमीच अधिक असण्याची शक्यता आहे. मग जुन्या संहितांचा बळी देणे केव्हाही समर्थनीय ठरेल. फेल्डमन यांच्या निर्णयातील उणीव संख्येत शोधणे म्हणूनच योग्य नाही. ती अन्यत्र आहे. ते बारा जण परिचित होते. त्यांना विचारता आले असते. ज्याच्या संहितेला धक्का लागणार तो समोर असेल, तर त्याची संमती मागणे हाच दुरुस्तीचा सरळ मार्ग होय. तो समोर नसेल, अनोळखी असेल किंवा हयातच नसेल, तर संमतीचे दार बंद होते आणि त्या ठिकाणी वचन उभे राहते. येथील विपर्यास असा की, दुरुस्ती ज्या काळात नैतिकदृष्ट्या सोपी असते त्या काळात ती क्षुल्लक वाटते. आणि ती निकडीची वाटू लागते तेव्हा विचारायचे कोणाला, हेच कळेनासे झालेले असते.

डोनाल्ड क्नूथ यांनी हे वचन जितक्या स्पष्टपणे उच्चारले तितके क्वचितच कोणी उच्चारले असेल. ‘टेक’ ही त्यांची मुद्रणप्रणाली हलकीफुलकी खूणभाषा नव्हे. गणिती ग्रंथांच्या जुळणीसाठी रचलेली ती एक विस्तृत व्यवस्था आहे. १९८९ साली युरोपीय वापरकर्त्यांच्या आग्रहावरून त्यांनी तिच्यात आणखी अक्षरचिन्हांना जागा करून दिली, आणि १९९० साली जाहीर केले की यापुढे तिच्यात केवळ दोष दुरुस्त होतील, नवे काही येणार नाही. तेव्हापासून तिचा आवृत्तिक्रमांक पाय या गणिती संख्येकडे एकेका अंकाने सरकत आहे. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात तो क्रमांक पाय हाच करावा, आणि त्या क्षणी जे दोष उरले असतील त्यांना गुण मानावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. मात्र याच्या जोडीला त्यांनी एक मुभाही ठेवली: कोणीही या प्रणालीत हवे ते बदल करावेत, फक्त बदललेल्या वस्तूला ‘टेक’ म्हणू नये.

या व्यवस्थेत नाव हे मालकीचे चिन्ह राहत नाही. ते वचनाचे चिन्ह होते. ‘टेक’ या नावाने चालणाऱ्या आज्ञावलीने १९९० नंतरची संहिता जशी वाचली तशीच ती उद्याही वाचावी, एवढाच त्या नावाचा आशय. आणि हे वचन पाळल्यामुळे नव्याची वाट अडते असेही नाही. देवनागरीसाठी १९९१ साली फ्रान्स व्हेल्थुईस यांना रोमन लिप्यंतराचे टेकच्या भाषेत रूपांतर करणारी स्वतंत्र आज्ञावली पुढे जोडावी लागली. थेट देवनागरीत लिहिण्याची सोय पुढे जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’मध्ये आली. त्या प्रणालीचा जन्म २००४ चा. आणि तिने दुसरे नाव घेतले होते.

मार्कडाउनची वाट याच्या नेमकी उलट गेली. ग्रुबर यांनी डिसेंबर २००४ मधील १.०.१ या आवृत्तीनंतर नवी स्थिर आवृत्ती काढली नाही. त्यांचे मूळ विवेचनही अनेक संदिग्ध जागा तशाच सोडणारे होते. त्या पोकळीत इतरांचे प्रक्रियक निघाले, आणि प्रत्येकाने संदिग्ध जागेचा आपापला अर्थ लावला. नाव एकच आणि पाठ अनेक, अशी स्थिती झाली. २०१४ साली जेफ ॲटवुड, बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅक्फार्लेन आणि त्यांचे सहकारी यांनी एक नेमका नियमग्रंथ तयार करून त्याला ‘प्रमाण’ असे विशेषण लावले, तेव्हा ग्रुबर यांनी नावाला हरकत घेतली, आणि तो प्रकल्प ‘कॉमनमार्क’ झाला. निरनिराळ्या लोकांच्या गरजा निरनिराळ्या, एकच पद्धती सर्वांचे समाधान करणार नाही, ही ग्रुबर यांची भूमिका होती. हा वाद पुष्कळांना अहंकाराचा वाटला. वस्तुतः त्यात दोन्ही बाजूंना अंशतः न्याय होता. नाव राखणाऱ्याने वचन राखण्याचे श्रम घेतले नव्हते. आणि श्रम घेणाऱ्यांना ‘प्रमाण’ या शब्दाचा अधिकार कोणी दिला नव्हता.

प्रमाणीकरणाची किंमत कोण मोजतो, हे मराठी लेखकाने स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहण्यासारखे आहे. मूळ मार्कडाउनमध्ये शब्दाला दोन्ही बाजूंनी अंडरस्कोर दिला तरी तिरपा ठसा मिळत असे, आणि पुढे लगेच अक्षर आले तरी खूण मिटत असे. आज्ञावलीकारांना ते गैरसोयीचे होते, कारण त्यांच्या फायलींच्या व चलांच्या नावांत अंडरस्कोर असतो. म्हणून नंतरच्या प्रक्रियकांनी, आणि अखेर कॉमनमार्कने, शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर निष्प्रभ केला. परंतु मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतो. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव अंडरस्करच्या जोडीत घालून पुढे ‘तील’ जोडले, तर कॉमनमार्कच्या दृष्टीने ती खूण मिटतच नाही. तारकाचिन्ह वापरले तर निभावते. पण ग्रंथनाम अवतरणचिन्हांसह तारकांमध्ये ठेवले आणि पुढे प्रत्यय लावला, तर पुन्हा तोच प्रसंग, कारण आतल्या बाजूला विरामचिन्ह आणि बाहेरच्या बाजूला अक्षर असेल तर ती तारका मिटणारी मानू नये असा नियम आहे. क्रमवार यादीसाठीही हा नियमग्रंथ इंग्रजी अंकच ओळखतो, ‘१.’ लिहिणाऱ्याची यादी होत नाही, साधा परिच्छेद होतो.

यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. ठळकपणाच्या खुणांविषयी कॉमनमार्कने सतरा नियम रचले आहेत, आणि सबंध नियमग्रंथात सहाशेहून अधिक उदाहरणे पडताळणीसाठी दिली आहेत. एवढी काळजी क्वचितच कोणी घेतली असेल. तरीही शब्दानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह येते, हे त्या नियमांमागचे गृहीतक इंग्रजीच्या घडणीतून आलेले आहे. शब्दांत जागा न सोडणाऱ्या चिनी व जपानी लेखकांनाही तोच जाच होतो. प्रथम आलेल्यांना दिलेल्या वचनाची किंमत उशिरा आलेल्यांनी मोजायची, असा हा व्यवहार आहे. १९८९ साली युरोपीयांचे म्हणणे दार मिटण्यापूर्वी ऐकले गेले, हा त्यांच्या भाषांचा गुण नव्हे. ते वेळेवर उपस्थित होते, एवढेच.

मग उशिरा आलेल्यासाठी नियम मोडावा का? माझ्या मते, त्याच नावाखाली मुकाट्याने मोडू नये. परंतु गैरसोय कायमची सोसावी असेही नाही. मॅक्फार्लेन यांनी स्वतः जे केले ते येथे उद्बोधक आहे. २०१८ साली त्यांनी मार्कडाउनच्या पलीकडे जाणाऱ्या खूणभाषेचा विचार मांडला, आणि २०२२ साली ‘जॉट’ ही नवी खूणभाषा सादर केली. तिच्यात खूण मिटण्याची अट साधी आहे: तिच्या आधी मोकळी जागा नसावी आणि दोन खुणांच्या मध्ये काहीतरी असावे. पुढे अक्षर आले तरी बिघडत नाही. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’ला जोडलेला ‘तील’ तेथे निर्वेधपणे उभा राहतो. मराठीचा विचार करून हे घडले असा माझा दावा नाही; नियम कमी केल्याने परक्या भाषेला जागा झाली, एवढेच. महत्त्वाचे हे की जुना नियमग्रंथ मोडला गेला नाही, नव्याने नवे नाव घेतले, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारा रूपांतरक, म्हणजे मॅक्फार्लेन यांचाच २००६ पासूनचा ‘पॅनडॉक’, हाताशी राहिला.

यावरून दुरुस्तीच्या अधिकाराचे स्वरूप काहीसे स्पष्ट होते. तो अधिकार नष्ट होत नाही, परंतु त्याच्यावर तीन ऋणे चढतात: जुने नाव जुन्या पाठाशी बांधील ठेवणे, नव्या पाठाला नवे नाव देणे, आणि एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणारा पूल सांभाळणे. यांतले तिसरे ऋण सर्वांत जड आहे. पूल बांधणाऱ्याची कीर्ती होते. तो वर्षानुवर्षे डागडुजी करून उभा ठेवणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही, आणि हे श्रम बहुधा विनामोबदला चालतात. ज्या विद्यापीठीय जगाचे प्रबंध, टिपणे आणि डिजिटल संहिता या पुलावरून जातात, त्याने या श्रमांकडे केवळ तांत्रिक सेवा म्हणून पाहणे हा कृतघ्नपणा ठरेल.

लेखकाच्या बाजूलाही एक कर्तव्य उरते. आपला मजकूर कोणत्या नियमानुसार लिहिला, त्याचे नाव आणि आवृत्ती मजकुरातच नोंदवून ठेवणे, हे संपादकाने हस्तलिखिताचा स्रोत नोंदविण्याइतकेच आवश्यक आहे. तसेच आपल्या भाषेचा प्रत्यय नियमात बसत नसेल, तर तारका बदलून किंवा मध्ये खोटी मोकळी जागा सोडून वेळ मारून नेण्यापेक्षा ते म्हणणे नियम ठरत असतानाच मांडले पाहिजे. नियमकर्त्याचे वचन ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापुरतेच असते. आपण तेथे नव्हतो, ही गोष्ट त्याच्या एकट्याच्या दोषात जमा करता येणार नाही.