विसाव्याला सिगारेटचा जामीन

सकाळी सव्वाअकराच्या सुमारास हिंजवडीतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभे राहा. गळ्यातले ओळखपत्र शर्टाच्या खिशात खोचून तिघे-चौघे बाहेर येतात. टपरीच्या खांबाला सुतळीने टांगलेला लायटर हातोहात फिरतो, कटिंग सांगितला जातो, कालच्या मॅचवर दोन शब्द होतात. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी पूर्ण पाकीट मागणारा विरळाच. दहा-बारा मिनिटांनी मंडळी वर जातात आणि दीड-दोन तासांनी पुन्हा खाली येतात. अर्ज नाही, परवानगी नाही. "जरा खाली जाऊन येतो" एवढे शेजारच्या खुर्चीला सांगितले की काम भागते.

शेजारच्या खुर्चीवर बसलेला, ज्याने कधी झुरका मारलेला नाही, तो मान हलवतो आणि मनात हिशेब मांडतो. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला बारा मिनिटे, म्हणजे ४८ मिनिटे. पाच दिवसांच्या आठवड्यात चार तास, महिन्याला साधारण दोन दिवस. हे दोन दिवस याला मिळतात, मला का नाहीत?

प्रश्न रास्त आहे. टोकियोतल्या पियाला नावाच्या कंपनीत २०१७ साली नेमका हाच प्रश्न एका कर्मचाऱ्याने उपस्थित केला. कंपनी २९ व्या मजल्यावर आणि सिगारेट ओढायची जागा तळघरात, म्हणजे एका सिगारेटला पंधरा मिनिटे जात. मालकाने तक्रार मान्य केली आणि न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा दिवस जादा रजा दिली. जगभर बातमी झाली, आपल्याकडेही लोकांनी ती एकमेकांना पाठवली. मलाही ती पहिल्यांदा वाचली तेव्हा न्याय झाल्यासारखे वाटले, पण दुसऱ्यांदा वाचताना खटकले. सहा दिवसांची रजा मिळाली ती सिगारेट न ओढल्याबद्दल. एकाला विसावा मिळतो तो ओढतो म्हणून, दुसऱ्याला मिळतो तो ओढत नाही म्हणून. दोघेही माणसे आहेत, सलग बसून दोघांचीही पाठ आखडते, हे कारण काही पुरेसे ठरत नाही. तंबाखू मध्ये आल्याशिवाय विसाव्याचा विचारच करायचा नाही, अशी ही रीत.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. धूम्रपान करणाऱ्याला जादा सुट्टी देऊ नये. पण त्यामागचे कारण ती ४८ मिनिटे नव्हे.

मिनिटे मोजणे हा मालकाचा हिशेब आहे, आणि नोकरदारांनी तो एकमेकांविरुद्ध चालवायला घेतला की मालकाला काही करावेच लागत नाही. आज सिगारेटची मिनिटे मोजा म्हणून आपण सांगू, उद्या लघवीची मोजली जातील. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. कॉल सेंटरमध्ये हेडफोन काढून स्वच्छतागृहात गेलेल्याची मिनिटे संगणक आजही वेगळ्या खात्यावर मांडतो. २०२४ साली हरियाणातल्या मानेसरच्या एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामातून बातमी आली की, ठरलेला माल उतरेपर्यंत पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेववली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली. घड्याळ लावायचेच म्हटले तर ते कुठवर जाते याचा हा नमुना.

कामाच्या मध्ये थांबण्याचा हक्क आपल्याकडे आला कुठून, हेही एकदा आठवायला हवे. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी त्यात होती, ती १० जून १८९० रोजी मिळाली आणि ती सगळ्यांना पाठ आहे. त्याच अर्जात दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही मागितली होती, ती मात्र फारशी कुणाला आठवत नाही. १८९१ च्या कारखाना कायद्यात ती आली. लोखंडे सत्यशोधक होते, 'दीनबंधु'चे संपादक होते. त्यांनी विश्रांती मागितली ती सगळ्या गिरणीसाठी. विडी ओढणाऱ्यांसाठी वेगळी आणि न ओढणाऱ्यांसाठी वेगळी मागितली नाही.

आणि विड्या ओढणारे गिरणीत काही कमी नव्हते. १९०८ साली अहवाल देणाऱ्या कारखाना कामगार आयोगापुढे मालकांचे एक गाऱ्हाणे सतत येत होते. हा कामगार जागेवर टिकत नाही, विडीला म्हणून जातो, पाण्याला म्हणून जातो, आवारात रेंगाळतो. आयोगाने त्यातले खरे ओळखले होते. तासच इतके लांब होते की सलग काम करणे माणसाच्या आवाक्यात नव्हते, म्हणून तो मधे-मधे सुटका करून घेई. विडी हे निमित्त होते. शंभराहून अधिक वर्षांनी वातानुकूलित कचेरीतला पदवीधर तेच निमित्त सांगून लिफ्टने खाली उतरतो, एवढाच फरक. नुसता "दमलोय, दहा मिनिटे मोकळ्या हवेत जाऊन येतो" असे म्हणायची त्याला लाज वाटते. सिगारेट हातात असली की लाज वाटत नाही.

हे निमित्त सगळ्यांच्या नशिबी नसते, आणि मला खरा अन्याय दिसतो तो इथे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करतात आणि २१.४ टक्के बिनधुराची तंबाखू खातात. महाराष्ट्रात तर धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत आणि तंबाखू, मिश्री, गुटखा यांतले काही ना काही तोंडात धरणारे चोवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सिगारेटवाल्यामागे तंबाखूवाले सहा. या सहांना जादा सुट्टी कोण देतो? चाकणच्या शेडमध्ये मशीनवर उभा असलेला माणूस डबीतून चिमूट काढतो, डाव्या तळव्यावर चुना लावून अंगठ्याने मळतो, दोन टाळ्या मारून बार ओठात ठेवतो आणि त्याच हाताने पुन्हा जॉब लावतो. निकोटीन दोघांच्याही रक्तात जाते. एकाच्या तलफेला चहा, हवा आणि गप्पा मिळतात, दुसऱ्याची तलफ मशीन न थांबवता भागते. तेव्हा स्मोकिंग ब्रेक ही व्यसनी माणसावर केलेली दया आहे, असे कुणी म्हणू नये. ती एका ठरावीक थराला मिळालेली सवलत आहे, आणि त्या थराला सवलत मागायचीही गरज पडत नाही.

सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा असलेला वॉचमन बदली माणूस आल्याशिवाय हलू शकत नाही. साड्यांच्या दुकानातल्या मुलीला गिऱ्हाईक नसतानाही बसायची चोरी. दुकानात काम करणाऱ्याला बसू द्यावे, एवढ्यासाठी केरळला २०१८ साली कायदा दुरुस्त करावा लागला. यांच्यापुढे जाऊन धूम्रपान करणाऱ्यांच्या जादा सुट्टीवर चर्चा करायची तर थोडे ओशाळायला हवे.

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईचे घ्या. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी दिलेली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आली. चार वेळा! सिगारेटच्या सरासरी फेऱ्यांइतक्याच. पण किती कचेऱ्यांत एखादी बाई "बाळाकडे जाऊन येते" असे शेजारच्या खुर्चीला सांगून सहज उठते? ती मीटिंगची खोली रिकामी आहे का बघते, दाराची कडी लागते का बघते, दूध काढून बाटली पर्समध्ये लपवते आणि परत येताना कुणी घड्याळाकडे पाहिले का, हेही बघते. कायद्याने दिलेला हक्क चोरासारखा वापरावा लागतो आणि कुठल्याच कायद्यात नसलेली सवलत ऐटीत चालते.

त्यात टपरीवर नुसता धूर निघतो असेही नाही. तिथे साहेबही असतात. कुणाची बदली होणार, नवे काम कुणाच्या गटाला मिळणार, कोण राजीनाम्याच्या विचारात आहे, हे ईमेल येण्याच्या आठ दिवस आधी तिथे कळते. झोई कलेन आणि रिकार्डो पेरेझ-ट्रुग्लिया या अर्थशास्त्रज्ञांनी आशियातल्या एका मोठ्या बँकेतल्या नोंदी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याला सिगारेट ओढणारा साहेब मिळाला की दोघांच्या एकत्र सुट्ट्या वाढतात आणि पुढे त्याची बढतीही इतरांपेक्षा लवकर होते, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या कुठल्याही महिला कर्मचाऱ्याला हे विचारा, ती म्हणेल, त्यासाठी बँकेच्या नोंदी कशाला हव्या होत्या? टपरीवर उभ्या राहिलेल्या बाईकडे लोक कसे बघतात हे तिला ठाऊक असते, म्हणून ती वर बसते आणि वरच राहते.

आता दुसरी बाजू. धूम्रपान करणारे म्हणतात, चहाला, मोबाइलला तुम्हीही वेळ घालवता, आम्हीच का डोळ्यावर येतो? बरोबर आहे, आणि म्हणूनच मी मिनिटे मोजायला नको म्हणतो. ते असेही म्हणतात की सिगारेटने ताण हलका होतो, डोके चालते, काम उलट वेगाने होते. हा मात्र भ्रम आहे. धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरले की चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट ती चिडचिड घालवते आणि माणसाला वाटते, कामाचा ताण गेला. गेला तो मागच्या सिगारेटने आणलेला ताण. दीड-दोन तासांनी खाली उतरणाऱ्या माणसाचे घड्याळ कंपनीच्या हातात नसते आणि त्याच्या स्वतःच्याही हातात नसते. अशा माणसाला त्या घड्याळाप्रमाणे सुट्टी आखून देणारी कंपनी उदार वाटते खरी, पण ती त्याचे व्यसन वेळापत्रकात बसवून देत असते.

राहिला तिसरा मुद्दा, व्यसन हा आजार आहे, आजाऱ्याला सवलत नको का? हवी. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न बघता रुग्ण म्हणून बघायला महाराष्ट्र थोडाफार शिकला आहे. पण रुग्णाला सवलत देतात ती उपचारासाठी. मधुमेहाच्या माणसाला वेळेवर जेवायला सोडतात, दर दोन तासांनी पेढा खायला सोडत नाहीत. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला समुपदेशनासाठी पगारी वेळ द्या, औषधाचा खर्च द्या, पहिले काही आठवडे त्याची चिडचिड सांभाळून घ्या. ही जादा सुट्टी मला मान्य आहे, हवी तेवढी.

व्यवहारात करायचे काय? फार अवघड नाही. जेवणाच्या सुट्टीखेरीज सकाळी पंधरा आणि दुपारी पंधरा मिनिटे, शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना, कारण न विचारता. त्या वेळात कुणी चालावे, कुणी डोळे मिटावेत, कुणी घरी फोन करावा. कुणाला टपरीच गाठायची असेल तर तीही त्याच पंधरा मिनिटांत, तिसरी फेरी नाही. लाइनवरच्या कामगाराला आणि फाटकावरच्या वॉचमनला बदली माणूस दिल्याशिवाय ही सुट्टी कागदावरच राहील, तेव्हा बदली माणसाचा खर्च आधी धरावा. स्वच्छतागृह, पाणी आणि बाळ यांचा हिशेब या अर्ध्या तासात धरू नये. आणि ज्या कंपन्या 'सोय' म्हणून गच्चीवर किंवा जिन्याखाली स्मोकिंग झोन काढून देतात, त्यांनी २ ऑक्टोबर २००८ पासून लागू असलेले नियम काढून वाचावेत. विमानतळ, तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले आणि तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे यांनाच तशी जागा राखता येते. कचेरीचे नाव त्या यादीत नाही.

हे लागू झाले तर सगळ्यात मोठा आवाज सिगारेटवाल्यांचा होईल असे वाटते, पण माझा अंदाज वेगळा आहे. आवाज होईल तो लेखा विभागाचा, की एवढा अर्धा तास सगळ्यांना द्यायचा म्हणजे किती रुपये झाले. काही थोड्यांना चोरून मिळणारी सुट्टी मालकाला स्वस्त पडते, सर्वांना उघडपणे मिळणारी महाग. इतकी वर्षे 'खाली जाऊन येतो' कुणाला खटकले नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

तेव्हा युनियनवाल्यांनी, आणि युनियन नसेल तिथे चार शहाण्या सहकाऱ्यांनी, पुढच्या बैठकीत शेजारच्याच्या सिगारेटची तक्रार घेऊन जाऊ नये. सर्वांसाठी दोन वेळा पंधरा मिनिटे मागावीत आणि ती लेखी घ्यावीत. जे सिगारेट ओढतात त्यांनीही त्या मागणीवर सही करावी. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा मोफत क्रमांक आहे. शोधावा लागणार नाही, २०१८ पासून तो पाकिटावरच छापलेला असतो. फक्त त्यासाठी सुटी सिगारेट न घेता एकदा पाकीट हातात घेऊन वाचायला हवे.