तो ‘मी’ कोण होता?

भाईंदरहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोरवा ही गावं एकामागोमाग लागतात. इथले आगरी मूळचे. बाकीचं मिरा-भाईंदर मात्र बाहेरून येऊन भरलं. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावातून उठलेली कित्येक कोकणी कुटुंबंही उपनगरांच्या या टोकापर्यंत आली. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बोलण्यात इथे हमखास तीन पत्ते येतात: कोकणातलं घर, लालबागची खोली आणि हा फ्लॅट. पऱ्ह्यात डुंबणारा पोर, रात्रपाळी करणारा बदली कामगार, नव्या नवरीला शिवडीच्या बसमध्ये जागा धरून देणारा तरुण, संपानंतर दारोदार माल विकणारा बाप. या सगळ्यांना तो एकाच शब्दात गुंडाळतो: मी.

सरकारी खिडकीवर एवढं चालतं, तिथे आधार कार्ड पुरे होतं. तत्त्वज्ञानाचं समाधान इतक्यावर होत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, पुन्हा जन्मणारा तोच की दुसरा? नागसेन उलट विचारतो, पाळण्यातलं मूल आणि वाढलेला माणूस एकच का? नागसेनाचं उत्तर असं, की तोच नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तसं. गंमत म्हणजे राजा स्वतःच परगावचा. नागसेन एकदा त्याला जन्मगाव विचारतो. अलसंद बेटावरचं कलसी, दोनशे योजनं दूर. ते मनात आण, मग बारा योजनांवरचं काश्मीर आण. आधी काय आलं? दोन्हींना सारखाच वेळ लागला, राजा कबूल करतो. फ्लॅटमधल्या त्या म्हाताऱ्यालाही देवरूखचं अंगण आठवायला भाईंदर स्टेशनपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पण आठवण झटकन येते म्हणून आठवणारा तोच ठरतो, असं कुठे आहे?

नित्य आत्मा न मानणाऱ्या या विचाराचे आपल्याकडचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातल्या साखवाळचा. ‘बालबोधमेवा’ मासिकातल्या बुद्धावरच्या लेखाने त्यांना वेड लावलं आणि १८९९ मध्ये बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, अन्नछत्रात जेवत काढलेले काशीतले दिवस, नेपाळ. १९०२ मध्ये श्रीलंकेत दीक्षा, मग ब्रह्मदेश. पुढे चीवर उतरवून ते पुन्हा संसारात आले, १९०७ मध्ये मुलगा दामोदर झाला. हार्वर्ड, फर्ग्युसन, मिठाचा सत्याग्रह, परळच्या कामगार वस्तीतला बहुजन विहार: एका माणसाने किती वेळा नव्याने सुरुवात करावी! आणि याच माणसाने ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहिलं. आत्मा नाही, पण आत्मचरित्र आहे.

बौद्धांना यात विसंगती दिसणार नाही. ‘मी’ हे व्यवहारापुरतं नाव, ते वापरायला हरकत नाही. खरी अडचण हिशेबाची आहे. १८९९ ला दार ओढून गेला तो कुणी वेगळाच होता, असं परत आलेल्याला म्हणता येईल का? नागसेन ही पळवाट बंद करतो. आंबे चोरणारा म्हणाला, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तरी तो सुटत नाही, कारण हे त्यांच्यातूनच आलेले. म्हणजे माणूस बदलला तरी देणं बदलत नाही. हे उत्तर मला आत्म्यावरच्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा प्रामाणिक वाटतं.

मात्र त्याचा पुढचा दाखला अडखळवतो. एक जण लहान मुलीचं शुल्क देऊन परगावी जातो. ती मोठी होते, दुसरा शुल्क देऊन तिच्याशी लग्न करतो. पहिला परततो आणि भांडण लागतं. दुसरा म्हणतो, तू मागितलेली पोर वेगळी, ही बाई वेगळी. राजा पहिल्याच्या बाजूने निकाल देतो, नागसेन मान डोलावतो. ती पोर आणि ही बाई एकच का, हे दोघे पुरुष, एक राजा आणि एक भिक्खू ठरवतात. तिला कुणी विचारत नाही. बाळाबाईंचं ‘निवेदन’ही आपल्याकडे नाही. सात वर्षांनी आलेला नवरा त्यांना तोच वाटला की दुसरा, हे धर्मानंदांच्या पुस्तकातून कळत नाही.